नव्वदपैकी बहात्तर दिवस गेले

प्रश्न : आमच्या गावातून नवा राष्ट्रीय महामार्ग जातोय. जनसुनावणीत आम्ही ओढा बुजेल असं सांगितलं होतं. पर्यावरण अहवालात तो ओढाच नाही. पर्यावरण मंजुरीनंतर जिल्हाधिकाऱ्यांना तीन निवेदनं दिली, उत्तर नाही. हरित न्यायाधिकरणात जाता येईल का?

ओढ्याचं नंतर बघू. तुम्ही पाठवलेल्या कात्रणाच्या फोटोत निविदांच्या दोन जाहिरातींमध्ये चार ओळी आहेत : मंजुरी मिळाली, प्रत संकेतस्थळावर आहे. वरच्या कोपऱ्यातल्या तारखेपासून मोजलं तर आज ७२वा दिवस.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१०, कलम १६ : मंजुरी कळल्यापासून ३० दिवसांत अपील. पुरेसं कारण दाखवलंत तर आणखी ६०. त्यानंतर उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणालाच नाही. तुमच्याकडे १८ दिवस उरलेत. निवेदनावरच्या पोचशिक्क्यानं मुदत थांबत नाही, हे किती जणांना सांगू? सुनावणीत तळमळीनं बोललेली माणसं नंतर तहसीलच्या पायऱ्या झिजवत बसतात आणि ९१व्या दिवशी माझ्याकडे येतात. तेव्हा मला काहीही करता येत नाही.

मुदत नेमकी कुठून मोजायची, यावर २०१३ च्या सेव्ह मोन रीजन फेडरेशन प्रकरणात न्यायाधिकरण बोललंय : पर्यावरण मंत्रालय, प्रकल्पवाले, स्थानिक संस्था यांपैकी ज्यानं आधी पूर्णपणे कळवलं, ती तारीख. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीत ३० दिवस लावायची असते आणि जाहिरातीत अटीही द्यायच्या असतात. चार ओळींत अटी कुठून येणार? हा मुद्दा लढवता येईल, पण त्यावर भिस्त ठेवू नका. कात्रणाची तारीख धरूनच चाला.

मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीत कधी आली, ते ज्या पानावर नोंदलंय त्या आवक नोंदवहीच्या पानाची नक्कल उद्याच ग्रामसेवकांकडे मागा. ती मिळेपर्यंत अपील अडवून ठेवू नका. ३०व्या दिवसानंतरच्या उशिराचं कारण तारखांनिशी लिहून काढा. 'आम्हाला कायदा माहीत नव्हता' एवढ्यानं भागणार नाही.

काम थांबेल का, सांगता येत नाही. मात्र जनसुनावणीच्या इतिवृत्तात तुमचं बोलणं नोंदलेलं असेल आणि अहवालात ओढा नसेल, तर बाजू कमकुवत नाही. जमिनीच्या मोबदल्याची लढाई वेगळी, ती इथे आणू नका. पुण्याच्या खंडपीठात नुकसानभरपाई न मागता अपील करायचं शुल्क एक हजार रुपये आहे. इतिवृत्ताचं पान आणि ओढ्याचे पावसाळ्यातले फोटो या आठवड्यातच वकिलाच्या हाती द्या.