आमची लॅब्रॅडॉर पहिल्यांदा हीटवर (माजावर) आली आहे. गल्लीतल्या कुत्र्यांपासून तिला किती दिवस सांभाळायचं?

रक्त दिसल्या दिवसापासून पुरे तीन आठवडे, आणि वर चार-पाच दिवस जास्तीचे धरा. बहुतेकांची चूक एकच होते: रक्त कमी झालं की ‘संपलं बुवा’ म्हणून दार उघडं टाकतात. खरा धोका तेव्हाच सुरू होतो. साधारण आठव्या-दहाव्या दिवसानंतर स्राव फिकट, पाणीदार होतो. शेपटीच्या मुळाशी खाजवलंत की ती शेपूट एका बाजूला करून स्थिर उभी राहते. ही लक्षणं दिसली की तिला अंगणातसुद्धा एकटी सोडू नका.

फिरायला न्यायचं ते पट्टा बांधूनच, पहाटे किंवा रात्री उशिरा. डायपरमुळे फरशी स्वच्छ राहते, गर्भ राहायचं थांबत नाही. आमच्या ‘काळी’ कुत्रीच्या हीटच्या वेळी कंपाउंडचं फाटक बंद होतं, तरी एक बहाद्दर खालच्या वीतभर फटीतून आत आला होता! फटी आधी बुजवा.

चुकून जोडी लागून दोघं एकमेकांना अडकलीच तर ओढाताण करू नका, पाणी ओतू नका. दोघांनाही इजा होते. अर्ध्या तासात ती आपोआप सुटतात. मग एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

हीट थांबवायची हार्मोनची इंजेक्शनं टाळलेली बरी, गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. पिल्लं नकोच असतील तर हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी नसबंदी करून घ्या.