धुळ्यातल्या नव्या फ्लॅटसाठी फर्निचर शोरूममधून घ्यावं की सुताराकडून करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय, बजेट सहा लाख आहे, आणि फर्निचर तयार घ्यावं की करून घ्यावं ते कळत नाही. मग शेवटी एक ओळ जाता जाता टाकलीय: 'गावचं धाब्याचं घर पाडतोय, त्यामुळे आई-बाबाही आमच्याकडेच राहायला येणार.' मला त्या शेवटच्या ओळीनेच लिहायला बसवलं. त्या घराचं लाकूड कुठे जाणार, याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही.

मी १९ वर्षं जळगावात इंटिरिअरची कामं करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत सांगते. स्वयंपाकघर, कपाटं आणि आई-बाबांची बसायची-झोपायची सोय करून घ्या. गाद्या, जेवणाच्या खुर्च्या, मुलांचं अभ्यासाचं टेबल तयार घेतलं तरी चालतं. हॉलमध्ये फॉल्स सीलिंगवर एक रुपया घालू नका. मी ते लावून देते, त्यातून मला पैसेही मिळतात, तरी सांगते.

आता लाकडाचं.

आमचं घर अमळनेर तालुक्यात होतं. तीन खणांचं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. ओसरीला आठ सागवानी खांब, वर सहा तुळया, त्यांच्यावर लाकडी कड्या, म्हणजे बारीक वासे, त्यावर फळ्या आणि मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरवर्षी वडील धाब्यावर पांढरी माती टाकून घ्यायचे. मधल्या तुळईला लोखंडी कडी होती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे झोका बांधायचे. माझ्या आत्या, मग मी, मग माझ्या भाच्या त्या कडीवर झुललो. दोर घासून घासून तुळईवर दोन खाचा पडल्या होत्या, बोट आत जाईल एवढ्या.

२०११ साली वडील गेल्यावर मोठ्या भावाने घर पाडायचं ठरवलं. घर गळत होतं, भिंतींना ओल होती, मायला एकटीने तिथे राहणं शक्य नव्हतं. पाडायला माझा विरोध नव्हता, आजही नाही. मी एवढंच सांगितलं होतं की लाकडाला हात लावू नका, मी येऊन मोजते, मग ठरवू. मी तेव्हा नाशिकला एका साइटवर होते. चार दिवसांनी पोहोचले तोवर ट्रक निघून गेला होता. सगळं लाकूड उक्तं दिलं होतं, ५२ हजारांना. टेप लावली नाही, घनफूट काढलं नाही. आलेल्या माणसाने ओसरीभर नजर फिरवून आकडा सांगितला आणि दादाने मान हलवली.

मी त्याच आठवड्यात जळगावच्या लाकूडवाल्यांकडे जुन्या सागाचा भाव विचारला. आमची एक तुळई १२ फूट लांब, ८ इंच बाय ६ इंच, म्हणजे सरळ ४ घनफूट. सहा तुळयांचे २४. खांब ८ फुटी, ६ बाय ६ चे, प्रत्येकी २ घनफूट, आठांचे १६. कड्या, फळ्या, दारं, चौकटी सोडून ४० घनफूट झालं. निम्म्याहून कमी भावात गेलं होतं. पण पैशांचं दुःख मला आजही नाही. ती कडीची तुळई गेली, त्याचं आहे.

ट्रकमध्ये जागा उरली नाही म्हणून दोन खांब मागच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. ते मी घेऊन आले.

त्या पैशांत भर घालून दादाने अमळनेरच्या नव्या घरात शोरूमचं फर्निचर आणलं. हायड्रॉलिक बेड, आरशाचं कपाट, खोल बैठकीचा सोफा. दिसायला छानच होतं, कारण शोरूममध्ये एसी असतो आणि तिथे कोणी राहत नाही. आत पार्टिकल बोर्ड होता, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी. आता आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मार्चअखेरीस खिडकीत कूलर बसतो तो मृग लागेपर्यंत हलत नाही. दादाचं कपाट बरोबर कूलरच्या झोतात होतं. दुसऱ्याच उन्हाळ्यात खालची कड फुगली, पावसाळ्यात बिजागऱ्या सैल झाल्या, आणि दिवाळीला मायने साडी काढायला दार ओढलं तर दार हातात आलं. फुगलेला पार्टिकल बोर्ड स्क्रू धरत नाही. त्याच भोकात जाड स्क्रू घातला तर महिनाभर टिकतो.

सोफ्याचं तर आणखी वाईट. बैठक जमिनीपासून १४ इंच आणि फोम इतका मऊ की माणूस आत जातो. मायचे गुडघे आधीच गेलेले. ती मला फोनवर म्हणाली, "यामा बसाले जमस, उठाले नही." पाहुणे आले की ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि बाकीचे सोफ्यावर. जिच्या नवऱ्याचं घर पाडून तो सोफा आला, ती प्लास्टिकच्या खुर्चीवर! मी ते पाहिलं आणि त्या दोन खांबांना हात घातला.

रावेरकडचे एक सुतारकाका माझ्याबरोबर काम करतात. त्यांनी खांब उभे चिरले, आणि वरचा काळवंडलेला थर रंध्याखाली निघाला तशी खोली सागाच्या वासाने भरली. ते लाकूड शंभरेक वर्षांचं असेल. आत एक चीर नाही. सागाच्या गाभ्यात मूळचंच तेल असतं, उधई त्याला सहसा लागत नाही, आणि इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकायचं राहिलेलं नसतं. काकांनी कुठेही खिळा न मारता साल-कुसू करून, म्हणजे लाकडात लाकूड अडकवून, मायसाठी बाक केलं. बैठक १८ इंच, दोन्ही बाजूंना हात टेकायला रुंद दांडे, बसायला ४० डेन्सिटीचा फोम तीन इंच जाड, त्यावर तिच्याच जुन्या नऊवारीची गोधडी. माय त्यावर बसली आणि हात टेकून स्वतःची स्वतः उठली. ती गेली २०१९ ला. शेवटची सहा-सात वर्षं ती रोज त्या बाकावर बसली. बाक आता माझ्याकडे आहे.

म्हणून तुमच्या आई-बाबांचं माप घ्या. आईला खुर्चीवर बसवा, पाऊल सपाट टेकवा, गुडघा काटकोनात आणा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोलगटीपर्यंत टेप लावा. जो आकडा येईल तेवढी सोफ्याची बैठक, वय झालेलं असेल तर इंचभर जास्तच. पलंग गादीसकट १८ ते २० इंच. हायड्रॉलिक बेड वडिलधाऱ्यांच्या खोलीत नको, ती गादी त्यांना उचलता येत नाही आणि मग आतली पांघरुणं काढायला सुनेची वाट पाहावी लागते. खाली ड्रॉवर करा. कोणत्याही तयार सोफ्याला तुमच्या आईचे गुडघे माहीत नसतात.

कूलरची जागा फर्निचरच्या आधी ठरवा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक एसी लावणार म्हणून ऐकत नाहीत. मग लाइट गेली की इन्व्हर्टरवर कूलरच चालतो. कूलर कोणत्या खिडकीत आणि हवा बाहेर कुठून जाणार, हे नकाशावर खुणेने दाखवा. त्या झोतात कपाट ठेवू नका. ठेवावंच लागलं तर पाया जमिनीपासून चार इंच वर घ्या, सगळ्या कडांना दोन मिलिमीटरचं एजबँड, म्हणजे कडेची पट्टी, लावा, मागच्या बाजूलाही सनमाइका मारा. उघडी कड राहिली की पाणी तिथूनच शिरतं.

प्लायवूडवर शिक्का बघा. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, बाकी ठिकाणी बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय पुरे. कपाटाचा सांगाडा १८ मिलिमीटर, कपाट बाहेरून २४ इंच खोल, नाहीतर हँगरला दार लागतं. स्वयंपाकघराच्या दारांना पीव्हीसी मेंब्रेन नको. शेगडीशेजारी उष्णतेने त्याचा पापुद्रा सुटतो, मी सुटलेले बरेच पाहिले आहेत.

स्वयंपाकघराचे कॅटलॉग आपल्या घरांसाठी केलेलेच नसतात. त्यात वर्षाचा गहू कुठे ठेवायचा ते नसतं. तुमची आई येणार म्हणजे दोन-तीन क्विंटल गहू, ज्वारी, डाळी, बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) डबे, मिरच्या सगळं येणार. ती आणणारच, तुम्ही नको म्हणालात तरी. आधी गावच्या कोठ्या मोजा, उंची आणि घेर दोन्ही, आणि ड्राय बाल्कनीत किंवा ओट्याच्या एका टोकाला खाली तेवढा कप्पा मोकळा सोडा. मॉड्युलरवाला तिथे जाळीच्या ट्रॉल्या सुचवेल. नाही म्हणा. आणि खापरावरचे मांडे करायचे असतील तर बाल्कनीत दीड फुटी बुटका कडप्प्याचा ओटा टाका. आईच्या उंचीचा मुख्य ओटा ३२ इंच, तुमची बायको उंच असेल तर ३४. दोघींना एकाच उंचीवर बसवू नका, लांबी असेल तर ओट्याचा थोडा भाग खाली घ्या.

पडदे: पश्चिमेच्या खिडकीला जाड अस्तराचे, खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड, रॉड चौकटीच्या वर सहा इंच. एवढं पुरे.

आता दादाचं म्हणणंही सांगते, कारण तुमच्या घरातही कोणीतरी हेच म्हणेल. त्याचं म्हणणं असं की जुन्या लाकडात जीव नसतो, चिराई-रंधाई-मजुरी-पॉलिश धरलं तर नव्या प्लायएवढाच खर्च येतो, आणि 'तुझा धंदाच हा, म्हणून तू बोलतेस.' प्रत्येक दिवाळीला आमचं हे भांडण होतं. खर्चाबाबत तो थोडा बरोबर आहे. पण हिशेब पूर्ण करा. ४ घनफुटांच्या एका तुळईतून इंचभर जाडीच्या पाच फळ्या निघतात, प्रत्येकी सुमारे ८ चौरस फूट. खिळ्यांची भोकं, टोकं, रंध्याची घट सोडून ३० चौरस फूट धरा. पाच बाय तीनचं जेवणाचं टेबल आणि पाच फुटी दोन बाकं यांच्या वरच्या फळ्यांना २५ लागतात. म्हणजे एका तुळईत तुमचा जेवणाचा सेट बसतो, पायांना एखादा खांब. तो सेट तुमच्या नातवापर्यंत जाईल. दादाने त्यानंतर तीनदा कपाट बदललं. तीनदा. ते पैसे तो कधीच हिशेबात धरत नाही.

हे दादालाही मी दर वेळी सांगते: घर पाड, पण ते कोणाच्या तरी हाताने उभं राहिलं होतं हे विसरू नकोस. तो म्हणतो तू भावनिक आहेस. मी ४० घनफुटांचा हिशेब मांडला आणि त्याने नजरेने ५२ हजार घेतले, यात भावनिक कोण, ते तुम्हीच ठरवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. धाब्याच्या घरातलं सगळं लाकूड साग नसतं. कड्यांना बऱ्याचदा कडुनिंब, बाभूळ वापरलेली असते, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं, आणि सागाच्या गाभ्याबाहेरचं पांढरट लाकूड उधई खातेच. टोकाला सहा इंच कापून बघा, मग ठरवा. चिराईवाल्याला खिळे आहेत हे आधी सांगा आणि जमतील तेवढे उपटून द्या, नाहीतर करवत मोडते आणि तो पुढचं लाकूड हातात घेत नाही. गावाहून धुळ्याला साग गाडीत घालून नेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा. सहा लाखांत सगळं बसणार नाही. पहिल्या वर्षी स्वयंपाकघर, दोन कपाटं आणि आई-बाबांची खोली करा, हॉल पुढच्या वर्षी. लाकूड तोवर सावलीत, विटांवर, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, ते थांबायला तयार असतं. आणि घर खरोखरच मातीचं आणि बाभळीचं असेल तर माझं अर्धं उत्तर सोडून द्या.

पाडायची तारीख ठरली असेल तर त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा, टेप घेऊन. ठेकेदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा की तुळया वरून खाली टाकायच्या नाहीत, दोन्ही टोकांना दोर बांधून उतरवायच्या. घाई असली की ते लोटून देतात आणि मग चांगली तुळई आतून चिरते, ते रंधा मारेपर्यंत कळत नाही. मध्ये कुठे कडी दिसली तर ती तुळई आधी बाजूला काढा आणि आईला विचारा.