वाचकांचे प्रश्न : दुभाष्याची चौकशी

प्रश्न : ब्रिटिशांच्या हाँगकाँग वसाहतीत १८५८ साली डॅनियल कॉल्डवेल या सरकारी दुभाष्याची चौकशी झाली. एका दुभाष्यासाठी आयोग बसवावा, इतकं त्याचं वजन कशामुळे होतं?

उत्तर : कँटनी चिनी समजणारा आणि इंग्रजीत लिहिणारा विश्वासाचा माणूस सरकारजवळ जवळजवळ नव्हताच, हे मुख्य कारण. कॉल्डवेलला कँटनी, मलाय, पोर्तुगीज या भाषा येत. कोर्टात साक्षीदार कँटनीत बोले, दुभाषा इंग्रजीत सांगे आणि लिहून घेतलं जाई ते इंग्रजी. मूळ शब्द कागदावर येतच नसत. त्यामुळे तर्जुम्यात काही गाळलं किंवा घातलं, तर ते नंतर पकडायला हाती काहीच उरत नसे. पुढे तो पोलिसांत अधिकारी झाला आणि १८५६ साली रजिस्ट्रार जनरल व ‘चिनी लोकांचा संरक्षक’. म्हणजे चिनी वस्तीची खबर, वेश्यागृहांचे परवाने आणि चाच्यांचा माग, सगळं एकाच माणसाच्या हातातून जायचं.

प्रश्न : आरोप काय होते? आणि पहिल्या चौकशीत तो सुटला कसा?

उत्तर : मा चाऊ वाँग हा कॉल्डवेलचा खबऱ्या आणि जवळचा माणूस. १८५७ साली चाच्यांशी संगनमत केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. कॉल्डवेलने त्याच्या माफीसाठी खटपट केली. अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, अ‍ॅन्स्टी याने मग कॉल्डवेलवर १९ आरोप ठेवले. परवाने देणाऱ्याचाच वेश्यागृहांत हितसंबंध, चाच्याच्या साथीदाराशी भागीदारी, असे ते होते. आयोगाने काही आरोप खरे धरले, पण बडतर्फीची शिफारस केली नाही.

खरी मेख वह्यांत आहे. मा चाऊ वाँगच्या घरातून पोलिस अधीक्षक चार्ल्स मे याने हिशेबाच्या वह्या जप्त केल्या होत्या. या वह्या हंगामी वसाहत सचिव ब्रिजेस याच्या हुकमाने जाळल्या गेल्या. असला दस्तऐवज नष्ट झाला की आयोगापुढे उरतात ते आठवणींवरचे जबाब, आणि ते उलटतपासणीत टिकत नाहीत. ‘फ्रेंड ऑफ चायना’ या वृत्तपत्राचा संपादक टॅरंट याने वह्या जाळल्याची ही हकीकत छापली. त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, पण नोव्हेंबर १८५८ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. आरोप करणाऱ्या अ‍ॅन्स्टीला मात्र त्याआधीच निलंबित केलं होतं. मला यातली ही सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते.

नवा गव्हर्नर रॉबिन्सन आल्यावर पुन्हा चौकशी झाली आणि मा चाऊ वाँगशी दीर्घ घनिष्ठ संबंध असणारा माणूस सरकारी नोकरीला अयोग्य, असं ठरून १८६१ साली कॉल्डवेलला काढलं.

प्रश्न : त्या काळी हिंदुस्थानात अशा चौकशीला कायदा होता का?

उत्तर : होता, १८५० चा ३७ वा कायदा. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला काढता येत नाही अशा नोकराविरुद्ध मुद्देवार लेखी आरोप तयार करून चौकशी करायची. आरोपांची प्रत आणि साक्षीदार-दस्तऐवजांची यादी त्याला निदान तीन दिवस आधी द्यायची, देण्याचा आणि सुनावणीचा दिवस सोडून. १८८८ साली पुण्यात कमिशनर क्रॉफर्ड याची चौकशी झाली ती याच कायद्याखाली.

प्रश्न : जुन्या चौकशीचा अहवाल वाचताना आधी काय पाहावं?

उत्तर : निष्कर्ष शेवटी वाचा. आधी आयोगावर कोण बसले आणि त्यांना कोणी नेमलं ते पाहा. मग परक्या भाषेतला प्रत्येक दस्तऐवज कोणी तर्जुमा केला ते टिपा. तर्जुमा आरोपीने किंवा त्याच्या हाताखालच्याने केला असेल, तर त्यावर उभा असलेला निष्कर्ष बाजूला ठेवा. दुसऱ्या दुभाष्याचा स्वतंत्र तर्जुमा जोडला असेल तर दोन्ही ओळीला ओळ लावून ताडून पाहा. फरक बहुधा नावं, रकमा आणि नातेसंबंधाच्या शब्दांत सापडतो. ‘सिद्ध नाही’ आणि ‘खोटं आहे’ यांत गल्लत करू नका, अहवाल लिहिणारेही ती करतात. शेवटी पुराव्यांची यादी घ्या आणि जप्तीच्या नोंदीशी मोजून पाहा. जप्त झालेलं पण यादीत नसलेलं काय, तिथून पुढचा शोध सुरू करा.