मे-जूनमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे नेमके कुठून येतात? शास्त्रज्ञांना ते कळतं का?

ते खोल समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलातून येतात, आणि हो, ते तेल कोणत्या जातीचं होतं हे बऱ्याचदा प्रयोगशाळेत ओळखता येतं. तेल पाण्यावर पसरलं की त्यातला हलका भाग उडून जातो. उरलेला चिकट भाग पाण्यात घुसळला जाऊन त्याचे गोळे बनतात. वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटल्याने ते वरून दगडासारखे दिसतात, दाबले की आत काळेकुट्ट आणि मऊ. पावसाळ्याच्या तोंडावर नैऋत्येकडचे वारे जोर धरतात आणि हा माल किनाऱ्यावर आणून टाकतात.

ओळख पटते ती कच्च्या तेलातच असणाऱ्या होपेनसारख्या संयुगांवरून. ऊन, लाटा, जिवाणू यांना ती सहजासहजी दाद देत नाहीत आणि त्यांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक तेलसाठ्यात वेगळं असतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यातले नमुने असे तपासले, वारा-प्रवाहांची गणितं उलटी चालवून मार्गही शोधला. त्यातून दोन संशयित पुढे आले:

- टाक्या धुऊन ते पाणी समुद्रात सोडणारी तेलवाहू जहाजं
- बॉम्बे हायचं तेलक्षेत्र

मात्र तुलनेला मूळ तेलाचा नमुना हाताशी असेल तरच हे जमतं. शिवाय तेलाची जात कळली म्हणून जहाज सापडत नाही. एकाच जातीचं तेल कितीतरी जहाजं नेतात. (पायाला हे डांबर लागलं तर खोबरेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने ते निघत नाही.)