साय म्हटलं, निघालं अंडं

प्रश्न : ताई, ऑक्टोबरात आम्ही लेकीकडे माद्रिदला जाणार आहोत. त्यातच तीन दिवस दोघांनीच लिस्बनला जाऊन यावं असं मनात आहे. मी सगळं खाते, पण हे पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. तिथे जिकडेतिकडे मासळी असते म्हणतात. यांचे हाल होतील का? आणि काय बघावं? चढ फार आहेत असंही ऐकलंय.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : हाल नाही होणार, पण विचारायची लाज सोडावी लागेल. आमचंच ऐका. पहिल्या सकाळी आम्ही लिस्बनच्या बेलें भागात गेलो. 1837 पासून चालू असलेलं तिथलं पेस्ट्रीचं दुकान तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. शहरभर या पेस्ट्रीला ‘पास्तेल द नाता’ म्हणतात. नाता म्हणजे साय, एवढं यांनी मोबाइलवर वाचून ठेवलेलं. झालं! दुधाचा पदार्थ समजून वर दालचिनी भुरभुरून दोन उडवले. तिसऱ्याला हात घालताना मी काउंटरवर विचारलं, तर आत अंड्याचा बलक. कपड्यांना खळ द्यायला मठांत अंड्यातलं पांढरं लागायचं आणि उरलेल्या बलकाची मिठाई व्हायची, असं तिथे सांगतात. यांना त्या इतिहासात काडीचा रस नव्हता. संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला, जणू ती अंडी मीच फोडली होती.

तेव्हा ‘सें कार्न, सें पैश, सें ओवुश’ एवढं पाठ करून जा : मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत. बाकीचे शब्द आपल्या घरातलेच आहेत. बटाट्याला ते बताता म्हणतात, आपला पाव आणि कोबी तर त्यांच्याकडूनच आले. बटाट्याच्या दाट रश्शात बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं ‘काल्दु वेर्द’ नावाचं सूप मिळतं. छान असतं, पण त्यात सॉसेजची एक चकती टाकायची पद्धत आहे आणि ती कुणी मांसात धरेलच असं नाही. म्हणून ‘सें शोरीसू’ वेगळं सांगा. समोशालाही तिथे ‘शमूसा’ म्हणतात. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या आठवणीने तोंडात टाकू नका, आत बहुधा खिमा असतो. आणि न मागता टेबलावर आलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. खाल्लं तर बिलात लागतं.

एका दुपारी यांना लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात न्या. मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींचं ते. तिथे शाकाहारी जेवण मिळतं. त्या दिवशी आमचे हे माणसात आले. तुम्ही मात्र बाकालाउ, म्हणजे खारवलेला सुका कॉड, खाल्ल्याशिवाय परतू नका. यांची पाठ वळली की खा, मी तसंच केलं.

बघण्याचं म्हणाल तर बेलेंचा जेरोनिमुश मठ हवाच. सोमवारी बंद असतो. त्याच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. 1498 मध्ये हा कालिकतला उतरला आणि त्याच्या मागून आलेल्या जहाजांतून आपल्याकडे मिरची, काजू आले. हे तिथे हात जोडून उभे राहिले. म्हटलं, अहो, त्या माणसाने माणसांनी भरलेलं यात्रेकरूंचं जहाज जाळलं होतं. हात लगेच खिशात गेले.

मला सगळ्यात आवडला कार्मोचा मठ. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात त्याचं छत कोसळलं, ते परत बांधलंच नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. तिथे आम्ही नुसते बसून राहिलो. खालचा बायशा भाग भूकंपानंतर नव्याने आखला, म्हणून तिथले रस्ते सरळ आहेत, आणि तो भाग सपाटही आहे. गुडघे दुखत असतील तर हॉटेल तिथेच घ्या. अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढासाठी 28 नंबरची पिवळी ट्राम आहे. सकाळी लवकर बसा आणि पर्स पोटाशी धरा. फुटपाथचे पांढरे दगड पावसात तेल ओतल्यासारखे होतात, रबरी तळव्यांचे बूट न्या. जवळच्या सिंत्रा गावाला जा म्हणून सगळे मागे लागतील. तीन दिवसांत नका जाऊ.

व्हिसा वेगळा नको, माद्रिदसाठी काढलेला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, तिथेही चालतो. घड्याळ तेवढं एक तास मागे करा.

आणि जीरावनची, आपल्या इंदुरी मसाल्याची, पुडी बॅगेत टाका. उकडलेला बटाटा तिथे कुठेही मिळतो.