३८ टक्के आले म्हणून डिझर्टेशन बाहेरून करून घेऊ नका

नमस्कार, मिरजेहून लिहिलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक पुण्यात एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, डिझर्टेशनचा, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचा, सिमिलॅरिटी रिपोर्ट (मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो ते सॉफ्टवेअरने काढलेलं प्रमाण) ३८ टक्के आला म्हणून गाईडने ते परत केलंय, सबमिशनला दहा दिवस उरलेत. तुम्ही विचारलंय की बारा हजारात 'टक्के उतरवून देणारा' माणूस मिळालाय त्याला काम देऊ का, आणि मुदत वाढवून मिळावी म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट आणू का.

दोन्ही नका करू. स्पष्टच सांगते, मला ३८ टक्क्यांपेक्षा तुमच्या पत्राचीच जास्त काळजी वाटली. एवढ्या मोठ्या पत्रात मुलगी नेमकं कशावर काम करतेय हे एका ओळीतही नाही, नातेवाइकांना काय सांगू हे मात्र आहे. आणि शेवटी लिहिलंय, 'ती म्हणते मीच पुन्हा लिहिते, पण तिला काय कळतंय.' अहो, अख्ख्या पत्रात योग्य तेच बोलणारी ती एकटी आहे! ती चूक निस्तरायला तयार आहे आणि वडील तिच्या नावाने खोटा कागद करायला निघालेत. उद्या ते उघडकीला आलं तर डिपार्टमेंटसमोर तिला उभं राहावं लागेल, तुम्हाला नाही. या दहा दिवसांत तिला घरून फोन यावा तो जेवलीस का, झोपलीस का विचारायला, टक्के किती झाले हे विचारायला नको.

आता '१० टक्क्यांपर्यंत कॉपी चालते' हा गैरसमज, जो मुलांमध्येही भरपूर आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम एवढंच म्हणतात की १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत परत द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर परत देता येत नाही आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे तुमच्या लेकीला दुरुस्तीची संधी नियमानेच दिलीय. शिवाय सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, त्याला चोरी कळत नाही. संदर्भसूची, सोर्स देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसाधारण वाक्यं त्यात धरायची नसतात, तर हे वगळून रिपोर्ट काढला होता का ते तिने गाईडला विचारावं. मेथड्सच्या चॅप्टरमध्ये बरंच जुळतं कारण डीएनए काढायचे प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेल्या कृती, सगळे त्याच वापरतात, तिथे मूळ पेपरचा संदर्भ द्यायचा आणि आपण काय बदललं तेवढं लिहायचं. पण रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा असतो त्या चॅप्टरमध्ये, दुसऱ्याचे पॅरेच्या पॅरे उतरवले असतील तर रिपोर्ट ५ टक्के आला तरी ती चूकच, ते बाजूला ठेवून समजलं तसं स्वतः लिहायला हवं. आणि हे टक्के फक्त डिझर्टेशन, थिसिस, पेपर वगैरेला आहेत, साध्या असाइनमेंटला ते लागूच नाहीत, तिथे कॉलेजचा नियम चालतो.

तो बारा हजारवाला समानार्थी शब्द टाकून टक्के उतरवेल, 'सिग्निफिकंट'चं 'इम्पॉर्टंट' करेल आणि स्टॅटिस्टिक्सचा अर्थच बदलून जाईल, मग व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकाने तेच पान उघडलं तर ती काय सांगणार? डिग्री मिळाल्यानंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झालं तरी डिग्री स्थगित ठेवता येते, हेही त्याच नियमांत आहे.

मुदत हवी असेल तर तिने आजच गाईड आणि एचओडींना (विभागप्रमुखांना) मेल करावा, खरं कारण लिहून, कोणता चॅप्टर कधी देणार ते सांगून. तारीख उलटल्यावर मागितलेल्या मुदतीला फार कमी ठिकाणी किंमत असते. उशिरामुळे डिझर्टेशनची ग्रेड ए प्लसची ए झाली तर तेवढ्याच क्रेडिट्सना ९ ऐवजी ८ पॉइंट मिळतील, आधीच्या तीन सेमिस्टरचं कमावलेलं कुठे जात नाही.

पीएचडीसाठीच्या नेट, सेट, पेट या परीक्षा तुम्हाला माहीत आहेत, मास्टर्सला लागणारे ५५ टक्के तिला सहज असतील. पण पीएचडी तिला हवीय की तुम्हाला, हे मला पत्रावरून कळलं नाही, म्हणून त्यावर सल्ला देत नाही. सबमिशन झाल्यावर तिलाच लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवू द्या. आणि त्या माणसाला ॲडव्हान्स दिला असेल तर तो सोडून द्या, पण तिची फाइल त्याच्याकडे अजिबात जाऊ देऊ नका.