वाचक विचारतात : पहिल्या पावसात मासे का मरतात?

प्रश्न : गोव्यातल्या तिसवाडीत मानशीला (भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दाराला) लागून आमची पोंय, म्हणजे मासे राहतात ते तळे, आहे. जूनच्या पहिल्या सरींनंतर चोणक, शेवटे हे मासे मरून वर आले. पाणी मात्र एकदम नितळ. जवळपास कारखाना नाही. चुना टाकावा का?

उत्तर : संशय त्या नितळपणाचाच घ्यायला हवा. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या, गाळात लोह-गंधकाचे संयुग, म्हणजे पायराइट, दडलेले असते. पाण्याखाली ते निरुपद्रवी. पण उन्हाळ्यात बांधावर टाकलेला गाळ सुकून भेगाळला की हवेने त्याचे गंधकाम्ल बनते आणि पहिली सर ते पोंयीत उतरवते. आम्लामुळे मातीतले ॲल्युमिनियम सुटते. त्याने गढूळ कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, तेच ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसले की मासा गुदमरतो. कल्ल्यांवर बुळबुळीत थर, काठाला गंजासारखा तांबूस साका आणि पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; ७ च्या खाली म्हणजे आम्ल) ५ च्या खाली, असे तिन्ही जुळले तर निदान जवळपास पक्के.

चुन्याची घाई मात्र नको. आधी पीएच पाहा, सूर्योदयाला आणि दुपारी तीनच्या सुमारास. चुन्याने पीएच वाढतो, म्हणून मासे मरायचे कारण अमोनिया असेल तर चुना उलटतो. ३० अंश तापमानाला पीएच ७ असताना अमोनियाचा १ टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ९ ला सुमारे ४५ टक्के. पाणी आम्लच निघाले, तर कळीचा चुना न वापरता चुनखडीची भुकटी घ्या आणि ती पाण्यापेक्षा बांधाच्या उतारावर पसरा, कारण आम्ल येते तिथून. भरतीला मानस उघडून खारे पाणी आत घेणे सर्वांत स्वस्त. ते आम्ल मारते. जुलैत नदीच गोडी होते, तेव्हा हा उपाय फारसा चालत नाही. पुढच्या वर्षी उपसलेला गाळ पोंयीच्या बाजूला टाकू नका.

प्रश्न : विषाने मेले की प्राणवायू कमी पडून, हे कसे ओळखावे?

उत्तर : कोण मेले आणि कधी, ते बघा. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासून आले, मोठे आधी मेले, तर प्राणवायू कमी. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. सुंगटे (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), पाणकिडे मेले पण मासे पोहताहेत, तर कीटकनाशकाचा संशय घ्या. पायरेथ्रॉइड गटातली औषधे कवचधारींना माशांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत मारतात. कल्ले चॉकलेटी दिसले तर नायट्राइटची विषबाधा.

नमुना मासे तडफडत असतानाच घ्या. कीटकनाशकासाठी गडद काचेची बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवा. धातूंसाठी प्लास्टिकची चालते. मरणारा मासाही बर्फात ठेवा. फुगलेल्या, कुजक्या माशातून काही कळत नाही, तरी लोक नेमका तोच घेऊन येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाला तारीख, वेळ, भरती-ओहोटी लिहून द्या.

प्रश्न : तिसऱ्या (खाडीतले शिंपले) नीट उकळल्या की त्यांतले जड धातू जातात का?

उत्तर : नाही. उकळल्याने जंतू मरतात, कॅडमियम, शिसे राहतात; मांस आटल्याने ग्रॅममागे प्रमाण किंचित वाढूही शकते. रात्रभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवल्यास रेती सुटते. शरीरात मुरलेले धातू उतरायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून तिसऱ्या कुठल्या खाडीतल्या, हे विकत घेतानाच विचारा.